जंगलात साठलेला कार्बन कसा मोजायचा: उष्णकटिबंधीय आणि समशीतोष्ण जंगलांसाठी

जंगल वजनकाट्यावर ठेवता येत नाही. झाडाचा घेर टेपने मोजता येतो, पाचोळा पिशवीत भरून वाळवता येतो, मातीचा नमुना काढता येतो. बाकीचं सगळं गणित. हे गणित टेपवरच्या चुका झाकत नाही, उलट वाढवतं. म्हणून या मार्गदर्शिकेत सूत्रांपेक्षा मोजमापावर जास्त शब्द खर्च केले आहेत.

आधी एक फरक पक्का करून घ्या. साठा म्हणजे आज एका हेक्टरवर किती टन कार्बन आहे. शोषण म्हणजे वर्षाला त्यात किती भर पडते. जुन्या जंगलाचा साठा प्रचंड आणि वार्षिक भर थोडी असू शकते, तरुण लागवडीचं नेमकं उलटं. इथे आपण साठा मोजतोय. त्यातला बदल हवा असेल तर तेच प्लॉट (मोजणीसाठी आखलेले जंगलाचे तुकडे) पुन्हा मोजावे लागतात, त्याबद्दल शेवटी.

मेहनत कुठे करायची ते आधी ठरवा

आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या) पद्धतीत जंगलाचा कार्बन पाच कप्प्यांत धरतात: जमिनीवरचा जिवंत जैवभार (झाडांचं सुकं वजन), मुळं, मृत लाकूड, पाचोळा आणि मातीतला सेंद्रिय कार्बन. पाचही कप्पे सारख्या बारकाईने मोजायला वेळ कुणाकडेच नसतो.

जगभरच्या जंगलांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला ताळेबंद इथे उपयोगी पडतो. त्यात जंगलांतला एकूण कार्बन सुमारे ८६१ अब्ज टन धरला आहे (माती एक मीटर खोलीपर्यंत). त्यातला ४७१ अब्ज टन उष्णकटिबंधीय जंगलांत, ११९ अब्ज टन समशीतोष्ण जंगलांत आणि उरलेला उत्तरेकडच्या बोरियल पट्ट्यात. उष्णकटिबंधात ५६ टक्के कार्बन जिवंत झाडांत आणि ३२ टक्के मातीत. समशीतोष्ण जंगलात जवळपास निम्मा मातीत आणि जिवंत झाडांत ४० टक्क्यांच्या आसपास. उष्ण-दमट हवेत पडलेलं पान वर्षभरही टिकत नाही, थंडीत तेच काही वर्षं पडून राहतं. मुख्य कारण एवढंच.

म्हणजे उष्णकटिबंधात वेळ मोठ्या झाडांवर घालवा. समशीतोष्ण जंगलात माती आणि जमिनीवरचा थर यांच्याबाबत हात आखडता घेऊ नका. मात्र हा ढोबळ नियम आहे, सरसकट लावू नका. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या माउंटन ॲश निलगिरीच्या समशीतोष्ण जंगलात जिवंत आणि मृत जैवभारातच हेक्टरी सरासरी १,८६७ टन कार्बन मोजला गेला आहे. उलट काँगो खोऱ्याच्या मध्यभागी दलदलीच्या जंगलाखाली सुमारे ३० अब्ज टन कार्बन पीटमध्ये (पाण्याखाली साचलेल्या अर्धकुजक्या वनस्पतींच्या थरात) आहे. तिथे खोडं मोजून परत येणं म्हणजे मुद्दलच विसरणं.

प्लॉट आखणे

समशीतोष्ण एकसारख्या जंगलात ०.१ हेक्टरचा गोल प्लॉट सोयीचा. त्रिज्या १७.८४ मीटर, मध्यभागी एक खुंटी. यात १० सें.मी. व्यासापासून पुढची सगळी झाडं मोजा. त्याच केंद्राभोवती ५.६४ मीटर त्रिज्येचं छोटं वर्तुळ (०.०१ हेक्टर) घेऊन त्यात ५ ते १० सें.मी.ची झाडं मोजा.

दाट उष्णकटिबंधीय जंगलात एवढा प्लॉट पुरत नाही. १२० सें.मी. व्यासाचं, ४२ मीटर उंच, ०.६५ घनतेच्या लाकडाचं एक झाड घ्या. पुढे दिलेल्या सूत्राने त्याचा जैवभार सुमारे १९.४ टन येतो, म्हणजे ९.१ टन कार्बन. हे झाड ०.१ हेक्टरच्या प्लॉटमध्ये पडलं, तर हेक्टरी हिशेबात ते एकटंच ९१ टन दाखवेल. वीतभर बाहेर राहिलं तर शून्य. एक हेक्टरच्या प्लॉटमध्ये तेच झाड ९.१ टनच देतं. म्हणून इथे एक हेक्टरचे प्लॉट प्रमाण मानतात. ते जमत नसेल तर निदान ०.२५ हेक्टर घ्या.

प्लॉट कुठे टाकायचा हे नकाशावर, यादृच्छिक आकड्यांनी किंवा ठरावीक अंतराच्या जाळीने, कार्यालयात बसूनच ठरवा. जंगलात जाऊन ठरवलं की पाय आपोआप देखण्या, भव्य झाडांकडे वळतात आणि साठा फुगतो. ठरलेल्या बिंदूवर ओढा आला, उघडी जागा आली, तरी प्लॉट तिथेच.

उतारावर अंतर आडवं धरायचं असतं. २५ अंशांच्या उतारावर २० मीटर आडव्या अंतरासाठी जमिनीवर २२.०७ मीटर टेप सोडावा लागतो (२० भागिले कोनाचा कोसाइन). हे विसरलात तर त्या दिशेने प्लॉट नऊ टक्क्यांनी आखूड होतो आणि हेक्टरी आकडा तेवढाच कमी येतो. सीमेवरच्या झाडाचा बुंध्याशी मध्यबिंदू आत असेल तर झाड आत. फांद्या कुठे पसरल्या आहेत ते बघू नका.

किती प्लॉट लागतील? आधी सहा-आठ प्लॉट मोजा, त्यांच्यातला चढउतार (प्रमाण विचलन) सरासरीच्या किती टक्के आहे ते काढा. तो आकडा दुप्पट करा, हव्या असलेल्या अचूकतेच्या टक्क्याने भागा आणि वर्ग करा. चढउतार ४० टक्के आणि अचूकता अधिक-उणे १० टक्के हवी असेल तर ६४ प्लॉट. जंगलाचे आधीच प्रकार पाडले (उतारावरचं, सपाटीवरचं, तोड झालेलं) आणि प्रत्येक प्रकारातला चढउतार २० टक्क्यांवर आला, तर त्या-त्या प्रकारात १६ पुरतात.

१.३ मीटरची काठी

व्यास जमिनीपासून १.३ मीटरवर मोजतात, अमेरिकेत १.३७ मीटरवर. खांद्याच्या अंदाजाने टेप लावू नका, १.३ मीटर लांबीची काठी सोबत ठेवा. पाचोळा बाजूला सारून ती मातीवर टेकवा. उतारावर झाडाच्या वरच्या बाजूला उभे राहा. झुकलेल्या झाडावर झुकलेल्या बाजूने, खोडाला समांतर मोजा.

टेप खोडाच्या अक्षाला काटकोनात आणि घट्ट हवा. तिरका किंवा सैल टेप नेहमी जास्तच दाखवतो, कमी कधीच नाही, त्यामुळे अशा चुका एकमेकींना खोडत नाहीत. वेली कापू नका, टेप त्यांच्याखालून सरकवा. शेवाळ आणि सुटलेली साल हाताने पुसून घ्या.

१.३ मीटरच्या खाली खोड दुभंगलं असेल तर दोन्ही खोडं वेगळी मोजा आणि वहीत एकाच झाडाची म्हणून नोंदवा. त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा असेल तर तो संपतो तिथे मोजा. बुंध्याशी फळ्यांसारखी आधारमुळं असलेल्या झाडांवर खरी पंचाईत होते. तिथे आधारमुळं खोडात विरतात त्याच्या ५० सें.मी. वर मोजावं लागतं, मग शिडी लागली तरी. आधारमुळांभोवती टेप गुंडाळला तर व्यास सहज दीड-दोनपट येतो आणि प्लॉटमधलं सगळ्यात मोठं झाडच खोटं ठरतं. मोजलेली उंची नेहमी लिहा. पुढच्या वेळी दुसऱ्या उंचीवर मोजलं तर झाड आक्रसल्यासारखं किंवा अचानक फोफावल्यासारखं दिसेल.

कायमच्या प्लॉटमध्ये मोजणीच्या उंचीवर रंगाचा पट्टा ओढा. क्रमांकाची पट्टी ॲल्युमिनियमच्या खिळ्याने त्याच्या ३० सें.मी. वर ठोका. खिळ्याभोवती लाकूड फुगतं, आणि तो मोजणीच्या रेषेवरच असेल तर फुगवटाच मोजला जातो. खिळा पूर्ण ठोकू नका, झाडाला जाड व्हायला जागा ठेवा.

साधा टेप असेल तर घेर मिळतो. तो ३.१४१६ ने भागला की व्यास. वहीच्या स्तंभावर 'घेर' की 'व्यास' ते ठळक लिहा. पुढच्या सूत्रात घेर व्यास म्हणून गेला तर जैवभार नऊपटीहून जास्त येतो. एखाद-दुसऱ्या झाडापुरती ही चूक झाली तर सरासरीत दडून बसते, म्हणून आकडे भरल्यावर सगळ्यात मोठी दहा झाडं हाताने तपासा.

उंची

प्रत्येक झाडाची उंची मोजायची गरज नाही. बारीक ते जाड अशा सगळ्या टप्प्यांतली मिळून पन्नासेक झाडं मोजा आणि व्यासावरून उंची काढणारी वक्ररेषा बसवा. दुसऱ्या जंगलाची वक्ररेषा उसनी आणू नका. एकाच जाडीचं झाड वाऱ्याच्या कड्यावर आणि दरीत वेगवेगळ्या उंचीचं असतं.

झाडाच्या उंचीइतकं अंतर ठेवून उभे राहा. २५ मीटरवरून शेंडा ४० अंश वर आणि बुंधा ४ अंश खाली दिसला, तर दोन्ही कोनांच्या टॅन्जंटची बेरीज ०.९०९, गुणिले २५ म्हणजे २२.७ मीटर. इथेच घोडं पेंड खातं. रुंद पर्णसंभाराच्या झाडाखालून खरा शेंडा दिसतच नाही, आपल्याकडे झुकलेली फांदी शेंडा वाटते. ती फांदी खोडापेक्षा ४ मीटर जवळ असेल तर तिचं टोक खरं तर १९.४ मीटरवर आहे, आपण तीन मीटर वाढवून लिहिलं. दोन बाजूंनी बघा, आणि एकाने खोड हलवून किंवा काठी दाखवून मदत केली तर उत्तम. टोकदार सूचिपर्णी झाडांत ही अडचण फारशी येत नाही. समशीतोष्ण रुंदपर्णी जंगलात पानगळीनंतर मोजलं तर शेंडा स्वच्छ दिसतो.

मोजमापावरून जैवभार

उष्णकटिबंधासाठी जेरोम शाव आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं सूत्र सर्वाधिक वापरात आहे. तोडून, तुकडे करून, वजन केलेल्या ४,००४ झाडांवरून ते बसवलं आहे:

जैवभार (किलो) = ०.०६७३ × (घनता × व्यासाचा वर्ग × उंची) चा ०.९७६ वा घात

व्यास सें.मी.मध्ये, उंची मीटरमध्ये, लाकडाची घनता ग्रॅम प्रति घन सें.मी. ४० सें.मी. व्यास, २५ मीटर उंची, ०.६ घनता घेतली तर कंसात २४,००० येतात आणि जैवभार १,२६८ किलो. आयपीसीसीच्या ०.४७ ने (सुक्या वजनातला कार्बनचा हिस्सा) गुणलं की कार्बन ५९६ किलो. कार्बन डायऑक्साइडमध्ये हवं असेल तर ४४/१२ ने गुणा: २,१८५ किलो. कार्बन की कार्बन डायऑक्साइड हे प्रत्येक तक्त्यावर लिहा. या दोन आकड्यांची गल्लत नेहमी होते आणि ती ३.६७ पटीची असते.

व्यासात १० टक्के चूक झाली तर जैवभार २० टक्क्यांनी चुकतो. उंचीतली १० टक्के चूक साधारण तेवढीच राहते. काठी आणि टेप यांवर एवढा जोर का दिला, ते यावरून कळेल.

घनता म्हणजे ओव्हनमध्ये वाळवलेलं वजन भागिले ओल्या लाकडाचं घनफळ. बाल्साचं लाकूड ०.१५ च्या आसपास, आबनुसाचं एकच्या जवळ. लाकूड व्यापाऱ्यांच्या तक्त्यातली घनता बहुधा १२ टक्के ओलाव्याची असते, ती थेट वापरली तर जैवभार फुगतो. प्रजाती ओळखता आली नाही तर वंशाची सरासरी, तीही नसेल तर कुळाची, आणि अगदी काहीच नसेल तर त्या प्लॉटची सरासरी घ्या. ताड-माडासारखी झाडं या सूत्रात घालू नका. ती जाड न होता नुसती उंच वाढतात, त्यांची सूत्रं वेगळी असतात.

समशीतोष्ण जंगलात प्रजाती मोजक्या, म्हणून गटनिहाय सूत्रं मिळतात आणि उंचीशिवायही काम भागतं. उत्तर अमेरिकेसाठी जेनिफर जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दिलेल्या सूत्रांत ओक, बीच, हिकरी आणि कठीण मेपल या गटाचा जैवभार ०.१३३६ × व्यासाचा २.४३४२ वा घात, पाइनचा ०.०७९२ × व्यासाचा २.४३४९ वा घात. ४० सें.मी. व्यासाला ओक १,०६१ किलो आणि पाइन ६३० किलो. जाडी एकच, वजनात एवढा फरक. कार्बनचं प्रमाण इथे रुंदपर्णीला ०.४८ आणि सूचिपर्णीला ०.५१ धरतात. युरोप किंवा पूर्व आशियातल्या जंगलाला तिथलीच सूत्रं शोधा. आणि कुठलंही सूत्र ज्या जाडीपर्यंतच्या झाडांवर बसवलंय त्यापलीकडे ताणू नका.

पोकळ झाड सूत्राला भरीवच वाटतं. खोडावर काठीने ठोकून आवाज ऐका आणि पोकळ असल्याची नोंद ठेवा. किती वजा करायचं याचा अंदाज ओबडधोबडच राहणार.

मुळं खणून काढत नाहीत, वरच्या जैवभाराशी त्यांचं ठरलेलं गुणोत्तर लावतात. आयपीसीसीच्या २००६ च्या तक्त्यात वर्षावनासाठी ०.३७, हेक्टरी १२५ टनांहून जास्त जैवभाराच्या दमट पानझडी जंगलासाठी ०.२४, १५० टनांहून जास्त असलेल्या समशीतोष्ण सूचिपर्णी जंगलासाठी ०.२०. हेच सूचिपर्णी जंगल तरुण, ५० टनांच्या आतलं असेल तर ०.४०. कारण लहान झाडात मुळांचा वाटा मोठा.

पडलेलं लाकूड आणि पाचोळा

आडव्या पडलेल्या लाकडासाठी प्लॉटमधून १०० मीटरची रेषा ओढा, दोन दिशांना ५०-५० मीटर केली तर अधिक चांगलं. रेषा ज्या ओंडक्यांना छेदते त्यांचा छेदाच्या जागचा व्यास मोजा, १० सें.मी.पासून पुढे. लांबी मोजायची नाही. मग हेक्टरी घनफळ (घनमीटर) = ९.८७ × व्यासांच्या वर्गांची बेरीज ÷ (८ × रेषेची लांबी मीटरमध्ये). व्यास १२, १८, २५, ३१ आणि ४० सें.मी. आले तर वर्गांची बेरीज ३,६५४ आणि घनफळ ४५ घनमीटर.

प्रत्येक ओंडक्यावर कोयता मारून बघा. पातं उसळलं तर घट्ट, थोडं रुतलं तर मध्यम, लाकूड भुसभुशीत होऊन पातं आत गेलं तर कुजकं. प्रत्येक प्रतीचे तुकडे नेऊन घनता काढा, ताज्या लाकडाची घनता लावू नका. वरच्या उदाहरणात सरासरी ०.३५ निघाली तर हेक्टरी १५.८ टन लाकूड, साधारण ७.४ टन कार्बन. उभी मेलेली झाडं खोडांसोबतच मोजा. बारीक फांद्या गळून गेल्या असतील तर पूर्ण झाडाचं सूत्र लावू नका, नुसत्या खोडाचं घनफळ काढा.

पाचोळ्यासाठी अर्धा मीटर बाजूची चौकट टाका, कडेने सुरीने कापा, आतलं सगळं उचला. जागेवर ओलं वजन करा, त्यातला छोटा नमुना ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि त्या प्रमाणात सगळं सुकं वजन काढा. यात कार्बन ०.३७ धरतात. समशीतोष्ण सूचिपर्णी जंगलात पाचोळ्याखाली काळपट, स्पंजासारखा अर्धकुजलेला थर असतो. तो पाचोळ्यात धरायचा की मातीत, हे पहिल्या दिवशी ठरवा. एकाने इकडे आणि दुसऱ्याने तिकडे धरला की तो दोनदा मोजला जातो किंवा एकदाही नाही.

माती

किमान ३० सें.मी. खोलीपर्यंत, ०-१०, १०-२० आणि २०-३० असे तीन थर वेगळे घ्या. प्रत्येक थराला दोन गोष्टी लागतात: कार्बनचं टक्केवारीत प्रमाण आणि मातीची स्थूल घनता. स्थूल घनतेसाठी माहीत असलेल्या घनफळाचं धातूचं कडं मातीत आडवं किंवा उभं हळूच दाबा, हातोड्याने धाडधाड ठोकलं तर माती दबते. कडं बाहेर काढून कडा सपाट कापा, माती १०५ अंशांवर वाळवा, वजनाला घनफळाने भागा. २ मि.मी. चाळणीवर राहिलेले दगड वेगळे काढून त्यांचं घनफळही मोजा.

हेक्टरी टन कार्बन = बारीक मातीची (दगड वगळून) स्थूल घनता × थराची जाडी सें.मी.मध्ये × कार्बनचे टक्के × (१ उणे दगडांचा घनफळातला हिस्सा)

०.९ घनता व ४ टक्के, १.१ व २ टक्के, १.२ व १.४ टक्के असे तीन थर असले तर ३६, २२ आणि १६.८, बेरीज ७४.८. दगड १० टक्के असले तर ६७.३ टन. दगड विसरणं ही डोंगराळ भागातली नेहमीची चूक.

प्रयोगशाळेत कोरड्या ज्वलनाची पद्धत (नमुना जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड मोजणं) मागा. रसायनांनी कार्बन मोजणारी वॉकली-ब्लॅक पद्धत स्वस्त असली तरी तिच्यात सरासरी ७७ टक्केच कार्बन पकडला जातो, म्हणून आकडा १.३ ने गुणतात. तो गुणक प्रत्येक मातीला सारखा बसत नाही. चुनखडीच्या मातीवर आम्लाचा थेंब टाकून बघा. फसफसली तर त्यात खनिज कार्बन आहे आणि ज्वलनाआधी तो आम्लाने काढावा लागतो, नाहीतर खडक जंगलाच्या खात्यात जमा होतो. आणि पीट असेल तर ३० सें.मी. विसरा, तळ लागेपर्यंत सळई घालून खोली मोजा.

पुन्हा मोजताना

समजा साठा हेक्टरी २०० टन आणि चूक अधिक-उणे २० टन. पाच वर्षांनी वेगळेच प्लॉट टाकून मोजलं तर दोन आकड्यांच्या फरकातली चूक सुमारे २८ टन होते. जंगलाने दरवर्षी हेक्टरी दोन टन भर घातली असली तरी ती दहा टनांची वाढ त्यात बुडून जाईल. तेच प्लॉट, तीच झाडं, तोच रंगाचा पट्टा पुन्हा मोजला तर ती दिसते. मेलेली झाडं आणि १० सें.मी.ची मर्यादा नव्याने ओलांडलेली झाडं वेगळी नोंदवा, नाहीतर वाढ आणि भरती एकत्र होते. समशीतोष्ण जंगलात मोजणी झाडं वाढायची थांबलेल्या हिवाळ्यात करा, उष्णकटिबंधात दर वेळी त्याच महिन्यात. कोरड्या दिवसांत खोडं किंचित आकसतात आणि फरक मिलिमीटरचाच मोजायचा असतो.

मातीचे वाळवलेले नमुने फेकू नका. हवाबंद बरणीत प्लॉट, थर आणि तारीख पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या फेरीत जुने आणि नवे नमुने एकाच यंत्रावर, एकाच दिवशी तपासता आले तर प्रयोगशाळा बदलल्यामुळे आलेला फरक वेगळा काढता येतो.